कायदा : संमती आणि अंमल

नववर्षाच्या आरंभी विधी सल्लागार संस्था आपल्या अशिलांना नव्या कायद्यांची माहिती देणारे टिपण पाठवितात. त्यात कायद्याच्या नावाइतकाच त्याच्या अंमलाचा दिनांक महत्त्वाचा असतो. कारण विधेयक संमत होणे आणि कायदा लागू होणे या दोन भिन्न घटना आहेत.

केंद्रीय अधिनियमात प्रारंभाचा दिनांक दिलेला नसल्यास, सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ५ नुसार, राष्ट्रपतींची अनुमती मिळालेल्या दिवशी तो अमलात येतो. आयकर अधिनियम, २०२५ मध्ये १ एप्रिल २०२६ हा दिनांक कायद्यातच नमूद आहे. अनेक अधिनियमांत मात्र राजपत्रातील अधिसूचनेद्वारे दिनांक ठरविण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे सोपविलेला असतो.

चार श्रम संहिता हे याचे ठळक उदाहरण होय. २९ केंद्रीय कामगार कायद्यांचे एकत्रीकरण करणाऱ्या या संहितांपैकी वेतन संहिता २०१९ मध्ये व उर्वरित तीन २०२० मध्ये संमत झाल्या. काही मोजकी कलमे वगळता त्यांचा अंमल २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरू झाला. पूर्वी उपदानासाठी (ग्रॅच्युइटी) सामान्यतः पाच वर्षांची सलग सेवा आवश्यक होती. सामाजिक सुरक्षा संहितेने निश्चित मुदतीच्या कामगारास एका वर्षाच्या सेवेनंतर तो हक्क दिला. तथापि पाच वर्षे हा हक्क कागदावरच राहिला आणि उद्योगांनाही भावी खर्चाचा अंदाज बांधणे अवघड गेले.

म्हणून संमती, अनुमती व अंमल यांचे दिनांक विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे ध्यानात ठेवावेत. नागरिकाचा हक्क अंमलाच्या दिनांकापासूनच सुरू होतो.