मंगळसूत्र डब्यात ठेवू नकोस

यमुनानगर, निगडी
रविवार, सकाळ

चि. बाळास,


परवा फोनवर सगळं सांगून झाल्यावर तू आवाज बारीक करून विचारलंस, "मामा, मग पेन्शनचं काय?" विचारताना ओशाळलीस, ते मला इकडे कळलं. अगं, पोरगी देताना लोक मुलाचा पगार, शेती, फ्लॅटचा हप्ता सगळं उघड विचारतात. मग पदरी नऊ वर्षांची लेक असलेल्या बाईने घरात येणारे पैसे मोजले तर त्यात लाजायचं काय? फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून कागद घेतला.

लग्नाबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. आपल्या गावाकडे पाट लावायची रीत माझ्या आजीच्याही आधीपासून होती. तळेगावचा मुलगा मला साधा आणि सरळ वाटला. मुख्य म्हणजे छकुली त्याच्याशी वाद घालते, त्याअर्थी तिला तो परका वाटत नाही. तेव्हा मी हो म्हणून टाकलंय. आता हिशेब.

तुझ्या निळ्या फायलीत आज तीन तऱ्हेचे हक्क एकात एक मिसळलेत. काही तुला मिळतं ते तू जावयांची विधवा आहेस म्हणून. काही छकुलीला मिळतं ते ती त्यांची मुलगी आहे म्हणून. आणि काही तुझं स्वतःचं आहे, तू निघोज्याच्या कंपनीत कार्ड पंच करतेस म्हणून. लग्नाने पहिलं जातं. दुसरं जात नाही, उलट एका ठिकाणी वाढतं. तिसऱ्याला कोणी हात लावू शकत नाही, पण ते तू स्वतः सोडून देऊ शकतेस. त्यावर पुढे येतो.

आधी कामगार विम्याचं. जावई दुसऱ्या पाळीला निघाले होते आणि चाकण-तळेगाव रस्त्यावर घात झाला. घरून कामावर जाताना झालेला अपघात कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीमुळे कामावरचाच धरता येतो. पाळीचा पंच, बसचा पास आणि पंचनामा एकत्र लावून आपण तो दावा मंजूर करून घेतला, आठवतं ना? त्यांची रोजची सरासरी मजुरी ५०० धरली गेली. तिचे ९० टक्के म्हणजे ४५०. त्याचे पाच भाग केले तर तीन तुझे, दोन छकुलीचे. रोज २७० आणि १८०, म्हणजे तीस दिवसांच्या महिन्याला तुझे ८,१०० आणि तिचे ५,४००. तुझे तीन भाग पुनर्विवाहाच्या तारखेपर्यंतच. तिचे दोन भाग तिचं लग्न होईपर्यंत चालू. मुलगा असता तर पंचविशीपर्यंत.

दुसरं, प्रॉव्हिडंट फंडाचं पेन्शन, ते १९९५ च्या योजनेतलं. तुला २,४०० येतात आणि छकुलीला त्याचा चौथा हिस्सा, ६००. तुझे २,४०० लग्नाने थांबतील. पण त्याच योजनेत असंही आहे की विधवेचं पेन्शन देय राहिलं नाही, तर मुलाला अनाथाच्या दराने द्यायचं, आणि तो दर विधवेच्या पेन्शनच्या ७५ टक्के. म्हणजे छकुलीचे ६०० चे १,८०० होतात आणि तिच्या पंचविशीपर्यंत मिळतात. 'अनाथ' हा शब्द वाचून तुझ्या पोटात कालवेल. तो फक्त कोष्टकातल्या एका ओळीचा मथळा आहे. तू आहेस, पोर अनाथ नाही. पण हे आपोआप होईल असं धरून चालू नकोस. तिच्या नावाने अर्ज करावा लागतो. तुझं बंद करायला हजार वाटा आहेत, तिचं वाढवायला एकच, ती म्हणजे तुझा अर्ज.

आता बेरीज कर. आज महिन्याला १६,५०० येतात. लग्नानंतर ७,२०० येतील. ९,३०० ची खोट. हा आकडा तुम्ही दोघांनी समोरासमोर बसून बघा, साखरपुड्याच्या आधी. त्याच्या आईसमोर नको. तुम्ही दोघंच.

आणि ही खोट बघून तुझ्या लाईनवरची एखादी शहाणी तुला सांगेल, "सांगतेस कशाला? देवळात हार घाला, नोंदणी करू नका, कोणाला कळतंय?" म्हणून तुला एक गोष्ट सांगतो. ती आजवर मी तुझ्या मामीलाही पूर्ण सांगितलेली नाही.

भोसरीच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला होतो. १९९५ ची योजना येऊन काही वर्षं झाली होती. आमच्या एका मयत कामगाराची बायको माझ्या खिडकीशी आली. कडेवर पोर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक. तिने विचारलं, "साहेब, पाट लावला तर पेन्शन राहतं का?" मी रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणालो, "बंद होतं बाई." एवढंच. योजनेची प्रत माझ्याच कपाटात होती, पण पुढचं कलम मी वाचलेलं नव्हतं.

तिने लग्न केलं आणि कळवलं नाही. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा आणि पुनर्विवाह न केल्याचा दाखला भरायला ती यायची. एकदा मी बँकेत तिच्या मागेच रांगेत होतो. काउंटर जवळ आलं तशी ती बाकावर बसली, गळ्यातलं काढलं, जेवणाच्या डब्याच्या वरच्या पुडात ठेवलं, झाकण लावलं आणि सही करायला गेली. सही करून आली, बाकावर बसली, डबा उघडला. त्या पुडात सकाळची चटणी होती. मंगळसूत्राच्या वाट्यांना लागलेली चटणी ती पदराने पुसत होती. मी तिला ओळख दाखवली नाही.

चार वर्षांनी रेशनकार्डावरून सगळं उघडकीला आलं. वसुलीची नोटीस निघाली. ती घेऊन ती पुन्हा माझ्याच खिडकीशी आली, तेव्हा मी कपाटातली प्रत काढून पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. पोराचा हिस्सा पहिल्या महिन्यापासून तिप्पट व्हायचा होता. खरं सांगितलं असतं तर तिचं नुकसान तिला वाटलं त्याहून पुष्कळ कमी होतं. हप्ते बांधून घेतले, पोराचा अर्ज मी स्वतः भरला, पण त्या चार वर्षांत ती दर नोव्हेंबरला जी चोर झाली, ते कशात भरून निघणार? त्या खोट्या सहीत अर्धा वाटा माझा होता.

तेव्हा बाळ, लग्न महापालिकेत नोंदव. दाखला हातात आला की त्याच महिन्यात विम्याच्या शाखा कार्यालयाला आणि फंडाच्या कार्यालयाला लेखी कळव. अर्ज दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. पुढे खात्यात चुकून पैसे येत राहिले तर खर्च करू नकोस. ते परत मागतात आणि मागतात तेव्हा एकरकमी मागतात.

आता तिसऱ्या कप्प्याचं. तुझी नोकरी. त्याची आई म्हणाल्याचं तू सांगितलंस, "आता कशाला पाळ्या करतेस?" माया म्हणून ठीक आहे. पण कामगार विम्याच्या कायद्यात 'कुटुंबा'तलं मूल म्हणजे विमेदाराचं स्वतःचं औरस किंवा दत्तक मूल. सावत्र मूल त्यात नाही. म्हणजे उद्या तू नोकरी सोडलीस तर तू त्याच्या विम्याच्या कार्डावर जाशील, छकुली जाणार नाही. तिला ताप आला तर मोहननगरच्या हॉस्पिटलात ती आज तुझ्या कार्डावर जाते, तीच तिची वाट आहे. तुझा पगार २१,००० च्या आत आहे तोवर ते कार्ड जिवंत. (गंमत बघ, विम्याला हे २१,००० महिन्याचे लागतात आणि संजय गांधी निराधार योजनेला उत्पन्नाची हद्द तीच, २१,०००, पण वर्षाची. तुझ्यासारखी बाई एकीकडे गरीब, दुसरीकडे श्रीमंत.)

मग दत्तकच घेऊ दे की, असं तू म्हणशील. सावत्र बापाला रीतसर दत्तक घेता येतं, त्याची ठरलेली पद्धत आहे. पण घाई नको. दत्तक म्हणजे कायद्याने ती त्या घरची होणं आणि पहिल्या घराशी नातं तुटणं. जे आधीच तिच्या मालकीचं झालंय ते तिचंच राहतं. पण फंडाच्या योजनेत दुसऱ्याला दत्तक गेलेलं मूल सभासदाच्या कुटुंबातून वगळलेलं धरायची तरतूद आहे. तिचे १,८०० आणि ५,४०० बापाच्या नात्यावर उभे आहेत. आधी दोन्ही कार्यालयांना लेखी विचारू, वकिलाला दाखवू, मग ठरवू. प्रेमाला कागद लागत नाही, तो तिला आजही शाळेत सोडू शकतो. तोवर शाळेच्या दाखल्यावर तिच्या बापाचं नाव आहे तसंच राहू दे.

तुझ्या नावाचंही तेच. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचंच असेल तर आधी आधार, मग पॅन, मग बँक, मग फंडाचा नंबर, या क्रमाने. एका कागदावर जुनं आणि दुसऱ्यावर नवं असं झालं की दावा अडकतो, हे मी तीस वर्षं पाहिलंय. फंडाचं नामांकन लग्नानंतर ऑनलाइन पुन्हा भर. तुझ्या पश्चात नवऱ्याला पेन्शन नियमानेच मिळेल. साठलेला फंड आणि फंडासोबतच्या विम्याची रक्कम, जी ७ लाखांपर्यंत जाते, ती छकुलीच्या नावे लाव आणि ती अज्ञान आहे म्हणून पालक कोण तेही लिही. हे त्याला सांगून कर. समजूतदार असेल तर वाईट वाटून घेणार नाही. घेतलं तर तेही लग्नाआधी कळलेलं बरं.

रेशनसाठी तुझं आणि छकुलीचं नाव मोशीच्या कार्डातून कमी करून तळेगावच्या कार्डात चढवावं लागेल. कटकट आहे, पण महात्मा फुले आरोग्य योजनेला कार्ड उपयोगी पडतं. लाडकी बहीणच्या रांगेत तू नव्हतीसच, तुझं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर जातं. पण तुझी शेजारीण, जी नवऱ्याने टाकलेली आहे आणि कंत्राटावर आहे, तिला सांगून ठेव. तिने उद्या घर मांडलं तर नव्या नवऱ्याचं उत्पन्न आणि त्याची जुनी चारचाकीसुद्धा कुटुंबात मोजली जाते. आणि तिच्या मुलाला बाल संगोपन योजनेचे महिना २,२५० येतात ते एक पालक म्हणून. तो निकष उरला नाही तर बालकल्याण समितीला कळवायला हवं. तिला माझा नंबर दे.

राहिली जमीन. दीर म्हणतोय, "वहिनी, दुसरं घर करताय तर सातबाऱ्यावरचं नाव कमी करा, सही देऊन जा." नाही. १८५६ च्या कायद्याने विधवेला लग्नाची मोकळीक दिली आणि त्याच कायद्यात नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क लग्नासरशी काढून घेतला. लोकांच्या डोक्यात अजून तोच कायदा आहे. तो १९८३ मध्ये रद्द झाला. १९५६ च्या वारसा कायद्याने जावयांच्या हिश्शात तू, छकुली आणि सासूबाई वारस झालात आणि फेरफारही पडला. जे तुझ्याकडे आलं ते पुन्हा लग्न केल्याने परत जात नाही. तुला ते सासूबाईंच्या म्हातारपणासाठी सोडायचं असेल तर तुझी मर्जी, मी आड येणार नाही. मात्र छकुलीच्या हिश्शावर तूसुद्धा सही करू शकत नाहीस. अज्ञान मुलाची जमीन द्यायला कोर्टाची परवानगी लागते. दिराशी भांडू नकोस, एवढंच सांग की मामा म्हणतो कोर्टातून परवानगी आणू. चाकणच्या आसपास गुंठ्याचा भाव काय झालाय हे त्यालाही कळतं, आणि मलाही.

पुढच्या रविवारी या, तिघंही. निळी फाइल आण, पासबुकं भरून आण, जावयांचा विमा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आण, मला हल्ली ती बारीक छपाई दिसत नाही. छकुलीचा अर्ज मी भरून ठेवतोय, तारीख तेवढी मोकळी. मामी विचारते आहे, मंगलाष्टकांना तुझ्या मागे उभं राहताना मामाने जुनाच कोट घालायचा की नवा शिवायचा.

तुझा,
मामा