अस्सल घड्याळाची अस्सल नक्कल

'नक्कल' हा शब्द ऐकला की आपल्याला परीक्षेतील कॉपी आठवते, नाहीतर बाजारातील बनावट माल. पण घड्याळांच्या इतिहासात एक नक्कल अशी आहे, की ती करवून घेण्यासाठी ब्रिटिश सरकारच्या मंडळाने एका कारागिराला ४५० पौंड द्यायचे ठरवले. ही नक्कल का हवी होती, हे समजले म्हणजे घड्याळे जमवण्याचा व जुळवण्याचा छंद कसा करावा, हेही आपोआप समजेल.

समुद्रावरचा प्रश्न

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश आणि चार मिनिटांत एक अंश. मुंबई सुमारे ७३ पूर्व रेखांशावर आहे आणि कोलकाता सुमारे ८८ वर. म्हणून कोलकात्याला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे एक तास आधी माथ्यावर येतो. हेच उलट वापरले, तर खलाशाला आपले रेखांश काढता येतात. जहाजावरची वेळ सूर्यावरून मिळते. त्याच क्षणी निघालेल्या बंदरात किती वाजले आहेत, एवढे कळले की काम झाले. पण ते सांगणारे घड्याळ हलत्या जहाजावर, उन्हात आणि थंडीत बिनचूक चालले पाहिजे.

१७१४ साली ब्रिटिश संसदेने यासाठी २०,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. अट अशी, की वेस्ट इंडीजपर्यंतच्या सफरीत चूक अर्ध्या अंशाहून जास्त नसावी. अर्धा अंश म्हणजे वेळेच्या हिशेबात फक्त दोन मिनिटे!

जॉन हॅरिसन या मूळच्या सुतारकाम करणाऱ्या माणसाने १७५९ साली असे घड्याळ पुरे केले. आज ते 'एच-४' या नावाने ओळखले जाते. दिसायला ते सुमारे १३ सेंटिमीटर व्यासाचे मोठे खिशातले घड्याळच. त्याचे बॅलन्स चक्र सेकंदाला पाच ठोके देई व मोठे झोके घेई. जहाजाचे हेलकावे संथ असतात. अशा जोमदार, जलद झोक्यांवर त्यांचा परिणाम फारच थोडा होतो. उष्णतेने चालीत पडणारा फरक भरून काढण्यासाठी त्यात पितळ व पोलाद यांची जोडपट्टी होती. १७६१-६२ मधील जमैकाच्या सफरीत व १७६४ मधील बार्बाडोसच्या सफरीत हे घड्याळ कसोटीला उतरले.

मग बक्षीस का अडले?

मंडळाने प्रश्न विचारला, "एक घड्याळ चांगले चालले, पण तसे दुसरे होईल काय? की हा एका माणसाच्या हातचा योगायोग आहे?" १७६५ साली सत्तरी ओलांडलेल्या हॅरिसनला आपले घड्याळ तज्ज्ञांसमोर उघडून समजावून सांगावे लागले. त्यावर अर्धे बक्षीस मिळाले. उरलेल्यासाठी आणखी घड्याळे करून दाखवावीत, अशी अट पडली. हॅरिसनला हा अन्याय वाटला. आयुष्यभराच्या कष्टांनंतर नव्या अटी कोणाला आवडतील? शेवटी १७७३ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, संसदेने त्याला आणखी ८,७५० पौंड दिले.

पण मंडळाचा प्रश्नही चुकीचा नव्हता. जो प्रयोग दुसऱ्याला करता येत नाही, तो विज्ञान मानत नाही. जे यंत्र दुसऱ्याला घडवता येत नाही, त्याचा हजार जहाजांना काय उपयोग?

मंडळाने लार्कम केंडल या लंडनच्या घड्याळजीकडून एच-४ ची हुबेहूब प्रतिकृती करवून घेतली. ती १७६९ साली पुरी झाली. तिला 'के-१' म्हणतात. कॅप्टन कुकने १७७२ ते १७७५ च्या आपल्या दुसऱ्या सफरीत नेली ती ही नक्कलच. मूळ घड्याळ नव्हे. उष्ण कटिबंधापासून दक्षिण ध्रुववृत्ताच्या पलीकडील बर्फापर्यंत ते घड्याळ चालले. आधी साशंक असलेला कुक परतताना त्याची तोंडभरून स्तुती करत होता. हॅरिसनची कल्पना खरी होती, हे अशा रीतीने नकलेने सिद्ध केले.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रचना हॅरिसनची असूनही केंडलने त्या घड्याळाच्या यंत्रावर हॅरिसनचे नाव कोरले नाही. त्याने स्वतःचे नाव आणि साल कोरले. प्रतिकृती आणि बनावट यांतला फरक हाच होय. प्रतिकृती सांगते, "मी अमक्यासारखी आहे." बनावट वस्तू सांगते, "मी तीच आहे."

आपल्या घरातील उदाहरण

१९६१ साली बंगळूरला एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे करण्यास सुरुवात केली. परक्या रचनेवरून, रीतसर करार करून, आपले कामगार हा बारीक उद्योग शिकले. पुढे २०१६ साली सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. पण रोज किल्ली द्यावी लागणारे 'जनता' घड्याळ आजोबांच्या कपाटात अजून सापडेल. त्याचे बॅलन्स चक्रही एच-४ प्रमाणे सेकंदाला पाच ठोके देते. म्हणजे दिवसाला ४,३२,०००!

आज अनेक हौशी लोक अशी घड्याळे जमवतात. काही जण तयार मशीन, तबकडी, काटे आणि केस आणून जुन्या नमुन्याचे घड्याळ स्वतः जुळवतात. बाजारात मात्र जुन्या मशीनवर नवी रंगवलेली तबकडी चढवून ते 'मूळ' म्हणूनही विकले जाते. म्हणून छंद करणाऱ्याने वहीत प्रत्येक घड्याळाची नोंद ठेवावी : मशीन कोणते, कोणता भाग बदलला, कोणता नवा. स्वतः जुळवलेल्या घड्याळावर दुसऱ्याचे नाव घालू नये.

निगा कशी राखावी?

किल्ली रोज ठरावीक वेळी द्यावी; ती अडली की थांबावे. लोहचुंबक व लाउडस्पीकर यांपासून घड्याळ दूर ठेवावे. केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरले, तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. मग स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ एकदम पुढे पळू लागते. तेल आसांच्या टोकांना, तेही अगदी सूक्ष्म थेंबाने लागते. हेअरस्प्रिंगला कधीच नाही. म्हणून हे काम घड्याळजीकडून शिकूनच करावे. आजोबांचे चालू घड्याळ पहिल्या प्रयोगासाठी उघडू नये! मोडक्या गजराच्या घड्याळावर हात बसवावा. पण त्याची मोठी कमान भरलेली असल्यास ती जोराने उसळून इजा करते. शिक्षकांच्या किंवा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली ती आधी पूर्ण सैल करून घ्यावी.

करून पाहा

किल्लीचे घड्याळ मिळवा. रोज एकाच वेळी ते आकाशवाणीच्या किंवा मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहा आणि एका दिवसात ते किती सेकंद पुढे (+) किंवा मागे (−) गेले ते लिहा. मधे काटे हलवू नका. समजा, दोन घड्याळांच्या पाच दिवसांच्या नोंदी अशा आल्या :

पहिले : +१२, +११, +१३, +१२, +१२
दुसरे : +२, −१६, +१५, −१, ०

पहिले पाच दिवसांत ६० सेकंद पुढे गेले. दुसऱ्याची बेरीज शून्य. यांतले चांगले कोणते?

चांगले आहे ते पहिले. त्याची चाल ठरलेली आहे. ४० दिवसांच्या सफरीत ते सुमारे ४८० सेकंद, म्हणजे आठ मिनिटे पुढे जाईल. हिशेब न केल्यास दोन अंशांची चूक होईल. पण रोजचे १२ सेकंद वजा केले की वेळ बरोबर मिळेल. दुसऱ्यातून मात्र काय वजा करावे, हे कोणालाच सांगता येणार नाही. शून्य बेरीज हा निव्वळ योगायोग आहे.

आता घड्याळ रात्री कधी तबकडी वर करून, कधी उभे ठेवून पाहा. चाल बदलते काय? वर्गातील चार मित्रांनी आपापल्या घड्याळांवर हाच प्रयोग करावा आणि वह्या एकमेकांशी ताडून पाहाव्यात. तुमचा प्रयोग दुसऱ्याला करता आला पाहिजे. हॅरिसनच्या घड्याळालाही हीच कसोटी लागली होती.