फुटक्या प्लॅस्टिकच्या वस्तूंस एपॉक्सीचा सांधा

तांब्याची घागर गळूं लागली तर ती तांबटाकडे जात असे, नांगर मोडला तर सुताराकडे आणि मोट फाटली तर चांभाराकडे. वस्तु जुनी झाली म्हणून ती टाकून द्यावी, ही कल्पनाच आमच्या वडिलांच्या पिढीस ठाऊक नव्हती. आतां घागरीच्या जागीं प्लॅस्टिकचें पिंप आलें, वेताच्या टोपलीच्या जागीं क्रेट आला, पितळी फवाऱ्याच्या जागीं पाठीवरचा प्लॅस्टिकचा पंप आला. परंतु प्लॅस्टिकचा बलुतेदार मात्र अजून कोणत्याहि गांवीं निर्माण झालेला नाहीं. वस्तूस तडा गेला कीं ती भंगारवाल्याच्या गोणींत जाते व शेतकऱ्याच्या खिशांतून नव्या वस्तूचे पैसे जातात. ठाणें शहराचा कचरा पुष्कळ वर्षें आमच्या दिव्याच्या शिवारांत येऊन पडत होता. त्या ढिगांत प्लॅस्टिक किती असतें, हें पाहण्यास आम्हांस दूर जावें लागलें नाहीं.

दिव्याच्या आसपास दातिवली, साबे, बेतवडे, आगासन, म्हातार्डी या गांवांत पूर्वीं खाडीच्या बांधाआड भात पिकत असे. त्यांतील बरीच जमीन आतां इमारतींखालीं गेली आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां बिनशेतीचे कागद आमच्याच हातांखालून गेले, हें सांगतांना आम्हांस फारसा अभिमान वाटत नाहीं. तरी जी थोडी शेती व भाजीपाला शिल्लक आहे ती राखणारीं घरें आहेत, आणि उन्हाळ्यांतील पाणीटंचाईमुळें प्रत्येक घरीं चार-दोन पिंपें व एखादी टांकी असतेच. अशा घरांस घरगुती दुरुस्तीची विद्या उपयोगी पडावी म्हणून हा लेख लिहीत आहों. ही विद्या आम्ही एका चुकीनें शिकलों. तीच प्रथम सांगतों.

आमच्या चुलत बंधूंचा पाठीवरचा फवारणी-पंप तळाशीं, पट्टा अडकविण्याच्या कडीजवळ तडकला. आम्ही नुकतेच निवृत्त झालों होतों व हातांत वेळ भरपूर होता. बाजारांतून एपॉक्सीच्या दोन नळ्या आणिल्या, त्या कालविल्या आणि तड्यावर चांगलें जाड ठिगळ बसविलें. दुसऱ्या दिवशीं तें दगडासारखें घट्ट झालें. पाणी भरून पाहिलें, थेंबभर गळेना. आम्हांस मोठा आनंद झाला. पुढें आठ दिवसांनीं बंधु वांग्यांवर औषध मारीत असतां तें ठिगळ जखमेवरची खपली निघावी तसें अखंड सुटलें, आणि औषधाचें पाणी त्यांच्या पाठीवरून थेट पायांपर्यंत वाहिलें. "दादा, ठिगळ निघालं!" एवढी हांक ऐकूं आली. ताबडतोब कपडे उतरवून साबणानें पुन्हां पुन्हां अंग धुतलें व औषधाची बाटली बरोबर घेऊन त्यांस डॉक्टरांकडे नेलें. सुदैवानें मळमळ व डोकेदुखी यांवर निभावलें. 2017 सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर प्राणांस मुकले, ही गोष्ट त्या रात्रीं आमच्या मनांतून जाईना. ठिगळ आम्हीं लाविलें होतें. पाठ मात्र दुसऱ्याची भाजली असती.

दुसऱ्या दिवशीं तें सुटलेलें ठिगळ हातांत घेऊन पाहिलें. त्याला कोठेंहि तडा नव्हता. डिंक मोडला नव्हता. त्यानें पंपास कधीं धरिलेंच नव्हतें. पंप उलटा केला तेव्हां तळाशीं एक बाणांचा त्रिकोण व त्यांत 2 हा आंकडा दिसला. सर्व खुलासा त्या आंकड्यांत होता.

प्लॅस्टिक हें एका पदार्थाचें नांव नव्हे. धान्य म्हटलें म्हणजे जसें भात, नाचणी, वाल हीं सर्व त्यांत येतात, तसेंच येथें आहे. वस्तूच्या तळाशीं असलेल्या त्रिकोणांतील आंकडा तिची जात सांगतो. 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचें पेट. 2 म्हणजे घट्ट पॉलिथिन, ज्याचे पंप, कॅन व क्रेट होतात. 3 म्हणजे पीव्हीसी, नळाचें. 4 म्हणजे मऊ पॉलिथिन, पिशव्यांचें. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्या बादल्या, खुर्च्या व डबे होतात. 6 म्हणजे पॉलिस्टायरीन. आणि 7 मध्यें बाकीचे सर्व. यांपैकीं 2, 4 व 5 या तीन जातींस एपॉक्सी धरीत नाहीं, आणि दुर्दैव असें कीं शेतकऱ्याच्या घरांत याच तीन जाती अधिक असतात.

अळवाच्या पानावर पाणी ओतलें असतां तें पसरत नाहीं, थेंब होऊन घरंगळतें, हें सर्वांनीं पाहिलें आहे. डिंक चिकटावयाचा तर त्यानें आधीं पृष्ठभाग भिजवावा लागतो. पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन यांचा पृष्ठभाग डिंकाच्या बाबतींत अळवाच्या पानासारखा आहे. वर ठिगळ कितीहि कठीण झालें तरी तें नुसतें टेकून बसतें, रुजत नाहीं. उलट पीव्हीसी, टीव्हीच्या पेटीचें व बॅटरीच्या झांकणाचें एबीएस, मीटरवरील पारदर्शक पॉलिकार्बोनेट, ॲक्रिलिक, विजेच्या जुन्या बटनांचें बॅकेलाइट, काचतंतूंचें फायबर, या सर्वांस एपॉक्सी चांगली धरते.

आंकडा पुसून गेला असेल तर पाण्याची परीक्षा करावी. वस्तूच्या आंतल्या कडेची नखाएवढी चकती कापावी, वाटींत पाणी घेऊन त्यांत साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे चकतीस बुडबुडे चिकटून फसगत होणार नाहीं, आणि चकती बोटानें पाण्याखालीं दाबून सोडावी. पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकीं असल्यामुळें वर येतात. पीव्हीसी, एबीएस व इतर बुडतात. जें तरंगलें त्यास एपॉक्सी लावूं नये, हा नियम स्थूलमानानें खरा आहे. कांहीं खुर्च्यांच्या पॉलिप्रॉपिलीनमध्यें खडीची भुकटी मिसळलेली असते, तें बुडतें व फसवितें. म्हणून संशय असल्यास आड कोपऱ्यांत एक थेंब लावून दुसऱ्या दिवशीं चाकूच्या टोंकानें उचकटून पाहावा. खरवडून निघाला तर ठीक. टपकन् उडाला तर तो नाद सोडावा. आम्हीं एका वहींत प्रत्येक दुरुस्तीची तारीख, वस्तु व परिणाम टिपून ठेविले आहेत, कारण चाळीस वर्षें रकाने भरण्याची संवय सुटत नाहीं. ज्या वस्तु सुटल्या त्यांतील बहुतेक तरंगणाऱ्या जातीच्या आहेत.

आतां एपॉक्सी म्हणजे काय तें पाहूं. ही राळ आहे, परंतु झाडाची नव्हे, कारखान्यांतील. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्तां या रसायनशास्त्रज्ञानें ती दांतांच्या कामासाठीं शोधीत असतां काढिली, व 1946 सालीं सिबा या स्विस कंपनीनें अराल्डाइट या नांवानें ती बाजारांत आणिली. दोन नळ्यांपैकीं एकींत राळ असते व दुसरींत तिला घट्ट करणारें द्रव्य. साधा डिंक वाळतो म्हणजे त्यांतील पाणी उडून जातें. एपॉक्सी वाळत नाहीं. दोन द्रव्यांचा संयोग होऊन तिसराच पदार्थ बनतो. हा भेद ध्यानांत ठेविला म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप समजतात.

पहिला नियम प्रमाणाचा. नळींवर जें प्रमाण छापिलें असेल, बहुधा दोहोंचे समान भाग, तेंच घ्यावें. लवकर घट्ट व्हावें म्हणून दुसरें द्रव्य जास्त घालण्याचा मोह पुष्कळांस होतो. फायबरच्या नावा व पत्रे करणारे कारागीर आपल्या राळेंत घट्ट करणारें द्रव्य कमीजास्त करितात, तें पाहून ही समजूत पसरली असावी. पण त्यांची राळ निराळ्या जातीची असते. एपॉक्सींत जास्त पडलेलें द्रव्य तसेंच उरतें आणि सांधा कायमचा चिवट, मऊ राहतो. दोन्ही भाग काचेच्या किंवा पत्र्याच्या तुकड्यावर घेऊन काडीनें दोन-तीन मिनिटें, रंगांत एकहि रेघ वेगळी दिसेनाशी होईपर्यंत, कालवावे. एका वेळीं थोडेंच कालवावें. वाटीभर एकदम कालविलें तर संयोगाची उष्णता आंतच कोंडून वाटी तापते, प्रसंगीं धूर निघतो. मंद जातीचें मिश्रण तासाभराहून अधिक वेळ हातांत राहतें, शीघ्र जातीचें पांचच मिनिटें. टिकाऊ कामास आम्ही मंद जातच घेतों.

सांध्याचा खरा प्राण मात्र डिंकांत नसून तयारींत आहे. वस्तु साबणाच्या पाण्यानें धुवून पूर्ण वाळवावी. तडा कोठें संपतो तें नीट पाहून त्याच्या दोन्ही टोंकांशीं बारीक भोंक पाडावें, नाहींतर ठिगळाखालून तडा पुढें सरकत जातो. मग तड्याच्या दोन्ही बाजूंस बोटभर रुंदीचा भाग खरखरीत काचकागदानें चमक जाईपर्यंत घासावा आणि तड्याच्या कडा चाकूनें उतरत्या करून पन्हळ करावी. धूळ स्पिरिटच्या फडक्यानें पुसावी व त्यानंतर त्या जागेस बोट लावूं नये, कारण बोटाचें तेल पुरेसें होतें. पन्हळींत एपॉक्सी भरून वर पातळ सुती कापड किंवा काचतंतूंचें कापड त्याच एपॉक्सींत भिजवून बसवावें. शक्य असेल तेथें हें कापड आंतल्या बाजूस द्यावें. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिनें वस्तु आवळावी. आंवळणें बेताचें असावें. फार आंवळलें तर सर्व डिंक बाहेर येतो व सांध्यांत कांहीं उरत नाहीं. चोवीस तास वस्तूस हात लावूं नये. पावसाळ्यांत, विशेषतः खाडीकांठच्या दमट हवेंत, वर तेलकट थर येतो. म्हणून तें काम उघाडीच्या दिवशीं व घरांत करावें.

कालवितांना रबरी हातमोजे घालावे. कित्येकांच्या कातडीस एपॉक्सीनें खाज व पुरळ येतें, आणि एकदां ती खोड लागली म्हणजे पुढें थोड्या स्पर्शानेंहि येतें. हातास लागल्यास साबणानें धुवावें. थिनरनें धुतल्यास ती अधिक आंत जाते.

कणकेसारखी मळावयाची जी एपॉक्सी एम-सील वगैरे नांवांनीं मिळते, ती लोखंडी नळाच्या आट्यांस व खोल खड्ड्यांस चांगली. पातळ तड्यावर मात्र ती आंत शिरत नाहीं. पीव्हीसी नळ फुटला असेल तर एपॉक्सीच्या नादीं न लागतां तेवढा तुकडा कापून काढावा व जोडणी बसवून नळाच्याच सोल्व्हंट सिमेंटनें सांधावी. तें दोन्ही नळांस विरघळवून एकजीव करितें. एका थेंबानें क्षणांत चिकटणारा फेविक्विकसारखा डिंक ठिसूळ असतो. पाण्याच्या व हिसक्याच्या वस्तूंस तो उपयोगी नाहीं.

मग तरंगणाऱ्या जातींचें काय? त्यांस डिंक नको, उष्णता हवी. क्रेट किंवा बादली फुटली असतां त्याच आंकड्याच्या मोडक्या वस्तूची पट्टी कापून घ्यावी आणि विजेच्या डाग देण्याच्या सळईनें तडा व पट्टी एकत्र वितळवून शिवण घालावी. आंत न गंजणाऱ्या तारेच्या जाळीचा तुकडा दाबून बसविला तर जोर येतो. हें काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करतां बाजूस उभें राहून करावें. पीव्हीसी मात्र कधींहि तापवूं नये. त्यांतून निघणारा आम्लाचा धूर छातीस घातक आहे. छपरावरील मोठ्या टांक्या गरम हवेच्या यंत्रानें सांधणारे लोक फिरत असतात, त्यांसच तें काम द्यावें हें बरें.

साधी एपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या उष्णतेस मऊ होऊं लागते, म्हणून इंजिनाजवळच्या किंवा कढत पाण्याच्या वस्तूंस ती लावूं नये. उन्हांत राहणाऱ्या सांध्यावर रंगाचा हात द्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भांड्यास आंतून लावूं नये. आणि फवारणी-पंपाच्या टांकीस एपॉक्सीहि नको, वितळविणेंहि नको. तिच्या तड्यांत औषध मुरलेलें असतें, त्याचा धूर हुंगणें म्हणजे दुसरा अपघात. नवी टांकी सुटी मिळते, तीच बसवावी. बॅटरीच्या पंपाचें एबीएसचें झांकण मात्र खुशाल सांधावें.

आमच्या बंधूंचा तो पंप आम्हीं धुवून मधोमध करवतीनें कापिला, कारण आमच्याकडे फुटक्या टांकीचा तळ कापून त्यांत कोंबड्यांस पाणी ठेवण्याची रीत आहे. उरलेल्या दोन नळ्या आम्हीं ठेविल्या आहेत. त्यांचीं टोपणें अदलाबदल होऊं नयेत म्हणून एकीस तांबडा दोरा बांधिला आहे, कारण चुकीचें टोपण एकदां बसलें कीं ती नळी पुन्हां उघडत नाहीं.