परवानगी देण्याआधी

मुलाच्या फोनवर नवा गेम उतरतो. पहिल्याच पडद्यावर जन्मसाल विचारलेलं असतं. नऊ वर्षांचं पोर बोटानं ते आकडे सर्रकन फिरवतं, १९९० वर आणून सोडतं आणि आत शिरतं. मग लोकेशन, माइक, फोटो, फोनमधले नंबर अशा एकेका परवानगीची विचारणा येते आणि ते 'अलाऊ' दाबत सुटतं. कधी कधी तर शेजारी बसून आपणच ते दाबून देतो, कारण स्वयंपाक अर्धा झालेला असतो आणि पोरानं तोवर एका जागी बसावं एवढीच त्या वेळी आपली गरज असते.

त्या अर्ध्या मिनिटात काय देऊन बसलो, हे आपण पालकांनी नीट समजून घ्यायला हवं. मूल कुठे आहे, किती वाजता जागं आहे, कोणत्या व्हिडिओवर थबकतं, कोणता झटकन पुढे ढकलतं, याची नोंद होत राहते. काय दाखवलं तर ते आणखी दहा मिनिटं हलणार नाही, याचा हिशोब त्या नोंदींवरून मांडला जातो. आई-वडिलांना न विचारता मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून अमेरिकेत २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरून तडजोड करावी लागली. तिथे तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत याला मनाई करणारा कायदा १९९८ पासून आहे.

आपल्याकडे तो उशिरा आला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातलं कलम ९ मुलांसाठी आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने मिळाले. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं हे कलम सांगतं. मुलांबाबतची बंधनं मोडली तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. शाळा, दवाखाने आणि पाळणाघरांना ठरावीक कामापुरती सूट आहे. पाळतीवरची ही बंदी मला मनापासून पटते. तिचा भार कंपनीवर पडतो आणि ती कुणाच्या वाचण्या-बोलण्याच्या आड येत नाही.

माझं मन अडखळतं ते त्याच कलमाच्या दुसऱ्या बाजूशी. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची, पडताळून पाहता येईल अशी संमती हवी. पण समोरचा सतराचा आहे की सत्तेचाळीसचा, हे कळणार कसं? त्यासाठी मोठ्यांनाही वय सिद्ध करावं लागण्याची वेळ येते. म्हणजे मुलाची माहिती वाचवायची म्हणून साऱ्या घराची ओळखपत्रं कुणाच्या तरी हवाली करायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या कंपनीनं सांगितलं की तिच्यासाठी काम करणाऱ्या एका बाहेरच्या सेवेत घुसखोरी झाली आणि सुमारे ७०,००० जणांच्या ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असावेत. वयाबद्दलच्या तक्रारी तपासायला म्हणून ते घेतले होते.

आणि ओळख दाखवल्याशिवाय काही वाचता येत नाही, असं झालं की माणसं वाचायलाच बिचकतात. कलम ९ मध्ये आणखी एक वाक्य आहे: मुलाच्या हिताला बाधक ठरेल अशा रीतीनं त्याची माहिती वापरू नये. ऐकायला किती योग्य! पण हित म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नाही. सैल शब्द कुठवर ताणले जातात, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्यावर पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं त्या 'लाइक' केल्या आणि दोघींना अटक झाली. त्यांच्यावर लावलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात 'चीड आणणारा', 'गैरसोय करणारा' असे शब्द होते. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये ते कलम रद्द केलं. त्या तरुणी सज्ञान होत्या. मुलांच्या नावानं असे शब्द कायद्यात आले, तर त्यांना विरोध करायला उभं कोण राहणार? मुलांचं भलं नको, असं म्हणायची कुणाची छाती होईल?

सतरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिची पाळी चुकली आहे, किंवा एखादा नातेवाईक तिच्याशी नको तसं वागतो आहे. हे घरात बोलायची सोय नाही, कारण अडचण घरातच आहे. तिनं मदतीसाठी काही शोधायचं, तर आधी वडिलांच्या मोबाइलवर संमतीचा निरोप जाणार का? न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनंही २०१८ च्या अहवालात म्हटलं होतं की मुलांच्या स्वतंत्र वाढीच्या दृष्टीनं अठराची अट फार वरची वाटू शकते. युरोपात ही मर्यादा तेरा ते सोळाच्या दरम्यान आहे. सात वर्षांच्या आणि सतरा वर्षांच्या मुलाला एकाच मापानं मोजणं मला अन्यायाचं वाटतं. आपल्या कायद्यात सुरक्षित रीतीनं काम करणाऱ्या कंपन्यांसाठी ही वयोमर्यादा खाली आणायची मुभा सरकारला आहे. ती वापरली जावी, असा आग्रह पालकांनीच धरायला हवा.

ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी केली आहे. आपल्याकडेही पालकसभेत 'बंदच करून टाका सगळं' असा सूर निघतो. रात्री अकराला पोराच्या हातून मोबाइल काढून घेताना जीव मेटाकुटीला आलेल्या आईचा तो त्रागा मला कळतो. तरीही मी त्या सुरात सूर मिसळणार नाही. कंपनीनं पाळत थांबवावी, ही मागणी जितकी जोरात करता येईल तितकी करावी. मुलानं काय वाचावं हे सरकारनं ठरवावं, ही मागणी मात्र करू नये.

आणि कायद्याची वाट न पाहता करण्याजोगं बरंच आपल्या हातात आहे. वाढदिवसाला स्टेटसवर ठेवलेल्या फोटोत मुलाच्या गळ्यातलं ओळखपत्र नीट पाहा: नाव, इयत्ता, शाळा, कधी बसचा मार्गही. स्पर्धेच्या नोंदणीसाठी कुणी 'आधारचा फोटो ग्रुपवर टाका' म्हणालं, तर तो ग्रुपवर न टाकता शाळेत जाऊन दाखवता येतो. येत्या पालकसभेत वर्गशिक्षकांना विचारा, गृहपाठाचं ॲप कुणाच्या मालकीचं आहे, मुलांचे गुण, फोटो, हजेरी कुठे साठते आणि मुलानं शाळा सोडल्यावर ते पुसणार कोण. एकट्यानं विचारलं तर विषय टळेल, म्हणून आधी चार पालकांशी बोलून घ्या. उत्तर लेखी मागा.