घर आणि घराबाहेरची जागा

पक्के घर मिळाले म्हणजे कुटुंबाच्या स्वास्थ्याचा प्रश्न सुटला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. घराची गरज निर्विवाद आहे. परंतु दोन घरांमधील अंतर, खिडकीतून येणारा उजेड, सांडपाण्याची वाट आणि शेजाऱ्यांनी एकत्र येण्याची जागा यांवरही रहिवाशांचे स्वास्थ्य अवलंबून असते. महाराष्ट्रातील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

प्लेगचा धडा

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेगचा उद्रेक झाला. दाट व कोंदट वस्त्यांचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. समुद्रावरील वारा शहराच्या अंतर्भागात पोहोचावा म्हणून रुंद रस्ते काढण्यात आले. दादर-माटुंगा परिसरात आखीव वसाहती उभ्या राहिल्या. मात्र जुन्या वस्त्या ज्या वेगाने पाडल्या गेल्या, त्या वेगाने गरिबांसाठी घरे बांधली गेली नाहीत. विस्थापित कुटुंबांनी आसपासच्या चाळींचा आश्रय घेतला. दाटी नाहीशी झाली नाही. तिने केवळ जागा बदलली.

चाळीचे गुणदोष

१९२० नंतर वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बीडीडी चाळी बांधण्यात आल्या. त्यांची संख्या २०७ होती. सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली आणि मजल्यावर सामाईक शौचालये, ही तेथील राहणी. तिचा त्रास स्त्रियांना, वृद्धांना व आजाऱ्यांना विशेष होई. तथापि, सामाईक गॅलरीमुळे मुलांवर दहा जणांचे लक्ष असे आणि शेजारचे कोणी आजारी पडले तर ते तत्काळ कळे. या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला असून ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतंत्र शौचालयाची सोय ही मोठीच सुधारणा होय. पण गॅलरीने जे काम आपोआप केले, त्यासाठी नव्या इमारतीत जागा जाणीवपूर्वक ठेवावी लागते.

घर मिळाले, उजेड हरपला

ही दक्षता न घेतल्यास काय होते, हे मुंबईतील गोवंडी-मानखुर्द भागातील काही पुनर्वसन वसाहतींत दिसून आले. तेथील इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर ठेवण्यात आले होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जेथे उजेड व वारा कमी तेथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे आढळले. खालच्या मजल्यांवर ही स्थिती अधिक बिकट होती. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. कोंडलेल्या हवेत ते दीर्घकाळ टिकून राहतात. खेळती हवा त्यांना विरळ करते आणि सूर्यप्रकाश त्यांचा नाश करतो. झोपडीतून पक्क्या इमारतीत आलेल्या कुटुंबाला नळ मिळाला, शौचालय मिळाले. परंतु ऊन मिळाले नाही.

गावातील गल्ली

ग्रामीण भागात जागेची टंचाई तुलनेने कमी असली, तरी गावठाणातील वस्ती दाटच असते. तेथे मुख्य प्रश्न सांडपाण्याचा. मोरीचे पाणी गल्लीत साचले की डासांची पैदास होते. जामखेड परिसरात १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी उभारलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविकेचे शिक्षण देण्यात आले आणि उपचाराइतकेच महत्त्व स्वच्छ पाणी, शोषखड्डे व परसबाग यांना देण्यात आले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावानेही घरोघरी शोषखड्डे खणून उघडी गटारे बंद केली आणि डासांचा उपद्रव आटोक्यात आणला. पाचदहा घरांनी खड्डे घेऊन हे साधत नाही. शेजारच्या घराचे पाणी वाहत राहिले, तर खड्डा असलेल्या घरालाही डास चुकत नाहीत.

वस्तीचे स्वास्थ्य हे असे सामाईक असते. म्हणूनच घरकुलांची जागा निश्चित करताना किंवा गावठाणाचा विस्तार आखताना पंचायत सदस्यांनी ग्रामसभेपुढे काही साधे प्रश्न ठेवावयास हवेत. प्रत्येक घरात दिवसातून काही वेळ ऊन येईल काय? सांडपाणी कोठे जाईल? अंधार पडल्यावर स्त्रियांना रस्त्याने निर्धास्तपणे जाता येईल काय? वृद्धांना बसावयास आणि मुलांना खेळावयास जागा उरते काय? शाळेतील शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून गल्लीची पाहणी करवून घेता येईल. घरकुलांच्या संख्येबरोबर या प्रश्नांची उत्तरेही नोंदली गेली, तरच बांधलेल्या भिंतींचे खऱ्या अर्थाने घर होईल.