लहान ड्रोनच्या मोटरींची निगा

उभ्या उसांत पाणी कोठें पोंचलें नाहीं, कोणत्या तुकड्यांत पीक पिवळें पडत चाललें आहे, हें बांधावरून दिसत नाहीं. यासाठीं कॅमेऱ्याचा लहान ड्रोन कांहीं शेतकरी बंधु आतां बाळगूं लागले आहेत. विकत घेतांना कॅमेऱ्याची व बॅटरीची चौकशी सर्वच करितात; परंतु ज्या चार मोटरींवर सारा भार, त्यांची विचारपूस यंत्र खालीं पडल्यावरच होते. म्हणून त्यांच्या निगेविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम रचना पाहूं. मोटरीच्या मध्यभागीं तांब्याच्या तारांचीं वेटोळीं स्थिर असून त्यांभोंवतीं वाटीसारखें कवच फिरतें. कवचास आंतून जोरदार चुंबक बसविलेले असतात. मधला दांडा बारीक गोळ्यांच्या बेअरिंगवर मिनिटास हजारों फेरे घेतो. चुंबक व वेटोळीं यांमधील फट फारच अरुंद असते, आणि मोटर थंड राहावी म्हणून कवच उघडें ठेवलेलें असतें. अर्थात् धुळीसही वाट मोकळीच.

देशावरील काळी जमीन काळ्या कातळापासून बनलेली असून तींत चुंबकास चिकटणारे लोहयुक्त कण असतात. साधा चुंबक कोरड्या मातींतून फिरवून पाहावा. त्यास काळी लव फुटलेली दिसेल. तीच लव मोटरींतील चुंबकांवर धरते व नुसत्या फुंकरीनें निघत नाहीं.

आमच्या हातून घडलेली चूक येथें सांगणें अवश्य आहे. नांगरलेल्या रानांत ड्रोन वारंवार उतरविल्यानें एका मोटरींतून खरखर ऐकूं येऊं लागली. गाडीच्या आंखास वंगण घालण्याची आमची जन्माची संवय. तिला अनुसरून आम्हीं शिलाईयंत्राचें तेल मोटरींत सोडलें. खरखर थांबली व आम्हांस आपल्या शहाणपणाचा अभिमान वाटला. पुढें तेलावर धूळ बसून लगदा झाला, आणि एके दिवशीं मोटर हवेंतच अडकली. चारांतील एक मोटर बंद पडली कीं असला ड्रोन तोल सांवरूं शकत नाहीं. तो उलटून निंदणी करणाऱ्या बायांपासून चारपांच हातांवर पडला. कोणास इजा झाली नाहीं ही ईश्वराची कृपा. त्यांत आमची हुशारी कांहीं नव्हे.

तेव्हांपासून आम्ही पुढील क्रम पाळतों.

(१) प्रथम बॅटरी काढावी व नंतर पातीं उतरवावीं. बॅटरी जोडलेली असतां मोटरीस हात लावूं नये. फिरतें पातें बोट कापतें.

(२) प्रत्येक मोटर बोटानें सावकाश फिरवावी. चुंबकांमुळें ठराविक अंतरावर हलके टप्पे लागतात. तो दोष नव्हे. वाळू दळल्यासारखी कुरकुर लागली, दांडा वांकडा दिसला किंवा कवच डुगडुगलें, तर तो दोष होय. चारही मोटरी एकमेकींशीं ताडून पाहिल्या म्हणजे फरक लगेच कळतो.

(३) दांड्याच्या मुळाशीं केस, सूत, गवताची काडी गुंडाळलेली असल्यास चिमट्यानें ओढून काढावी.

(४) कोरड्या मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी व कॅमेऱ्याच्या दुकानांत मिळणाऱ्या रबरी फुग्यानें उडवावी. लोहकण चिकटपट्टीच्या टोंकानें उचलावे. पंपाची जोरदार हवा मारूं नये. तिनें मोटर भरधांव फिरून आंत वीज उत्पन्न होते व बेअरिंगही दुखावते.

(५) पाणी, पेट्रोल, रॉकेल यांचा उपयोग करूं नये. बनविणाऱ्यानें सांगितल्याशिवाय तेलही घालूं नये व कवच उघडूं नये. आंखास वंगण हवें. या मोटरीस कोरडी स्वच्छता हवी.

(६) कडेस खांच पडलेलें किंवा चिरलेलें पातें पुन्हा लावूं नये. त्याच्या थरथरीनें नवें बेअरिंगही लवकर झिजतें. समोरासमोरच्या कोपऱ्यांवरील मोटरी एकाच दिशेनें फिरतात व शेजारच्या उलट दिशेनें. म्हणून पातीं खुणा पाहूनच बसवावीं.

(७) शेवटीं मोकळ्या जागीं, माणसें दूर ठेवून, ड्रोन पुरुषभर उंचीवर एकदोन मिनिटें स्थिर धरावा. उतरवून बॅटरी काढल्यावर मोटरींस हळूच बोट लावून पाहावें. तिघी कोमट व एक चटका देणारी असेल, तर तीच आजारी समजावी.

मुलांच्या खेळण्यांतील अगदीं लहान ड्रोनांत बहुधा निराळ्या जातीची बंद मोटर असते. तिच्यांतील विजेचे स्पर्शक घासून झिजतात. तेथें साफसफाईचा उपयोग थोडा, मोटर बदलणें हाच उपाय.

घाण काढण्यापेक्षां ती न शिरूं देणें सोपें. ताडपत्रीचा तुकडा बरोबर ठेवून त्यावरूनच ड्रोन उडवावा व त्यावरच उतरवावा. घोंगडी अंथरूं नये. तिची लोंकर दांड्यास गुंडाळते. पावसांत व मळणीच्या भुसांत उड्डाण टाळावें. कोंकणांतील बांधवांनीं खाऱ्या वाऱ्यामुळें बेअरिंग गंजतें हें विसरूं नये.

एका वहींत तारीख व कोणत्या मोटरींत काय आढळलें हें टिपून ठेवावें. मोटर बहुधा एकाएकीं दगा देत नाहीं. आधीं कुरकुरते, तापते, थरथरते. शंका येतांच ड्रोन जमिनीवरच ठेवावा व मोटर बदलून घ्यावी. नव्या मोटरीस पैसे पडतात खरे. परंतु खालीं राबणाऱ्या माणसाच्या डोक्याची किंमत कोणत्याही वहींत मांडतां येत नाहीं.