मुलांना आभाळ पाहू द्या



हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा मृग तोंडावर आलेला असेल. कोकणात घरे शाकारून झाली असतील, सुकी लाकडे पडवीत रचली गेली असतील. घाटावर आणि मराठवाड्यात नांगरून ठेवलेली शेते आभाळाकडे डोळे लावून बसली असतील. घरातली लहान मुले या दिवसांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : पाऊस कधी येणार, आणि तो येतो कुठून? या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, त्याविषयी हा लेख आहे. आरंभी माझी स्वतःची एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते.

चार वर्षांपूर्वी जूनमधल्या एका सकाळी मकतबमध्ये सबक चालू असताना बाहेर पहिली सर आली. सगळी मुले खिडकीकडे वळली. त्यांतला सात वर्षांचा एक मुलगा मला म्हणाला, "मौलाना, शाळेत बाई सांगतात, समुद्राच्या पाण्याची वाफ होते आणि तिचा पाऊस पडतो. तुम्ही सांगता, पाऊस अल्लाह पाडतो. मग खरं कुणाचं?" मी म्हणालो, "पाऊस अल्लाहच्या हुकुमाने पडतो. सबक बघ." माझ्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता, तरीही ते उत्तर चुकीचे होते. त्या मुलाने मान खाली घातली आणि पुढे वर्षभर मला कोणताही प्रश्न विचारला नाही.

त्या दिवशी तो काय शिकला, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. शाळेत एक खरे असते, मशिदीत दुसरे असते आणि एकाचा उच्चार दुसऱ्या ठिकाणी करायचा नसतो, हे तो शिकला. सात वर्षांचे मूल अशी दोन खरी मुकाट्याने सांभाळते. पंधराव्या वर्षी मात्र ते दोहोंतून एक निवडते, आणि त्या वेळी आपण तिथे नसतो.

वास्तविक पवित्र कुरआनने ही दोन खरी कधीच वेगळी केलेली नाहीत. सूरह रूमची अठ्ठेचाळिसावी आयत उघडून पाहा. अल्लाह वारे पाठवतो, वारे ढगांना उठवतात, मग तो त्यांना आकाशात पसरवतो, त्यांचे थर होतात आणि त्यांच्या आतून पाऊस बाहेर पडताना आपल्याला दिसतो, असा तिचा आशय आहे. सूरह नूरच्या त्रेचाळिसाव्या आयतीत ढग हाकले जाणे, एकमेकांना जोडले जाणे आणि त्यांची रास होणे या क्रमाने तेच वर्णन येते. कर्ता अल्लाहच आहे. परंतु वारा, ढग, थर, थेंब ही साखळी गाळलेली नाही. सूरह गाशियामध्ये तर उंट कसा घडवला, आकाश कसे उंचावले, पर्वत कसे रोवले आणि जमीन कशी पसरली, हे लोक पाहत नाहीत काय, असे विचारले आहे. पाहणे हा शब्द तिथे आहे. (आयतींमधून आधुनिक हवामानशास्त्र काढून दाखवण्याचा हव्यास मला नाही. शास्त्राची पुस्तके दर पिढीला सुधारतात. अल्लाहच्या वचनाला त्यांच्या मागे धावायला लावू नये.)

मुलाला हे समजावण्यासाठी मी आता भाकरीचा दाखला देतो. भाकरी कुणी केली? अम्मीने. मग तव्याने काय केले? तवा तापला, पीठ भाजले. तवा आणि अम्मी यांच्यात भांडण आहे, असे एकाही मुलाला वाटत नाही. हा दाखला एका जागी तोकडा पडतो आणि तेही मुलाला सांगावे : अम्मीला तव्याची गरज असते, अल्लाहला कोणत्याही साधनाची गरज नाही. त्याने साधने नेमली, त्यांना नियम लावून दिले, आणि नियम असल्यामुळेच आपल्याला ते पाहून ओळखता येतात.

एवढे बोलून मुलाला अंगणात न्यावे, कारण पाच ते आठ वर्षांचे मूल कानापेक्षा हातांनी अधिक शिकते.

आपल्या मुलांपाशी यासाठी एक साधन आधीच आहे. त्यांना किब्ला ठाऊक असतो. महाराष्ट्रात किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. मुलाला नमाजला उभे राहतो तसे उभे करावे आणि विचारावे, वारा तुझ्या कोणत्या गालावर लागतो? पावसाळी वारे नैऋत्येकडून येतात, म्हणजे किब्ल्याकडे तोंड केल्यावर समोरून आणि डावीकडून. हिवाळ्यातले ईशान्येचे वारे पाठीमागून, उजव्या खांद्यावरून येतात. वारा ज्या दिशेकडून येतो तिचे नाव त्याला देतात, हे मुलाला एकदा पक्के सांगावे; मोठी माणसेही इथे चुकतात. वारा मंद असेल तर वुजू करून आलेल्या मुलाला ओला हात वर धरायला सांगावे. हाताची जी बाजू आधी गार पडेल, तिकडून वारा येत आहे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आणखी एक गंमत दाखवता येते. पावसाळा सरल्यावर, आकाश निरभ्र असताना, मशिदीबाहेरच्या खांबाला चिंधीची पट्टी बांधावी. असरच्या वेळी ती समुद्राकडून जमिनीकडे उडताना दिसेल आणि फजरच्या वेळी बहुधा उलट. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे म्हणून जो पाठ आहे, तो हाच. जमीन लवकर तापते व लवकर निवते, पाणी सावकाश. म्हणून वारा दिशा बदलतो. दिवसातून पाच वेळा ठरलेल्या वेळी बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला असे निरीक्षण वेगळा वेळ न काढता करता येते.

वाफेची गोष्ट मुलांना सर्वांत अवघड वाटते, कारण वाफ दिसत नाही. मशिदीच्या फरशीवर सांडलेल्या पाण्याच्या थारोळ्याभोवती खडूने रेघ ओढावी आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. पाणी रेघेच्या आत सरकलेले असते. मुले आधी म्हणतात, जमिनीने प्यायले. मग तेवढेच पाणी स्टीलच्या ताटलीत ठेवावे, कारण ताटली पाणी पीत नाही. त्यानंतर गार पाण्याचा पेला सावलीत ठेवून त्याच्या बाहेरच्या अंगावर जमणारे थेंब दाखवावेत. हवेत गेलेले पाणी हवेतून परत आले, हे मुलाने बोटाने पुसून पाहिले की ढगाविषयी फार बोलावे लागत नाही. माठातले पाणी मे महिन्यात गार आणि जुलैत कोमट का, हा प्रश्न मात्र आपण विचारू नये. मुलालाच सुचू द्यावा.

आता पाऊस मोजण्याविषयी. दुधाच्या पावडरीचा, सरळ उभ्या अंगाचा रिकामा डबा घ्यावा. तळ सपाट असावा, तोंड आणि पोट सारख्या रुंदीचे असावे. भिंती, पागोळ्या व झाडे यांपासून दूर, मोकळ्यावर तो विटांमध्ये घट्ट बसवावा. सकाळी शाळेतली पट्टी आत उभी धरून पाणी किती मिलिमीटर आहे ते वाचावे. पट्टीचा शून्य टोकापासून आत असेल तर तेवढी भर घालावी. भारतीय हवामान विभाग रोज सकाळी साडेआठला मोजमाप घेतो, तीच वेळ पाळली तर वर्तमानपत्रातल्या आकड्यांशी ताडून पाहता येते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. थोरल्या मुलाला पुढचा हिशेब करू द्यावा : मशिदीचे छप्पर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असेल आणि 20 मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावर 2000 लिटर पाणी पडले. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे सुमारे लिटरभरात, वुजू करीत, असे हदीसमध्ये आहे. एका सरीत किती वुजू वाहून गेले, हे मग मुलेच सांगतात, आणि नळ बंद करण्याविषयी मला वेगळे प्रवचन द्यावे लागत नाही.

माझे बालपण बीड जिल्ह्यात गेले. तिथे वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आज मी इमामत करतो त्या रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजारांहून अधिक पडतो. एका गावी पाऊस मागण्यासाठी लोक मैदानात नमाज-ए-इस्तिस्का पढतात, दुसऱ्या गावी नदी बाजारात शिरू नये म्हणून दुआ करतात. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. ही उंची भिंतीवर खुणावून मुलाला शेजारी उभे करा. पाच वर्षांच्या मुलाच्या हनुवटीपाशी ती रेघ येते. मदीनेत प्रेषितांनी (सल्ल.) जुम्याच्या खुतब्यात पावसासाठी हात उचलले, आठवडाभर पाऊस कोसळला आणि पुढच्या जुम्याला त्यांनीच तो आमच्यावर नको, आमच्या सभोवती पडो अशी दुआ केली. हा प्रसंग ती रेघ पाहिलेल्या मुलाला वेगळा ऐकू येतो.

हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे की ढग किंवा वारा उठताना दिसला की प्रेषितांच्या (सल्ल.) चेहऱ्यावर चिंता उमटे, कारण आद लोकांनीही आपल्यावर आलेल्या अजाबाला पावसाचा ढग समजून आनंद मानला होता. दुसरीकडे हजरत अनस (रजि.) सांगतात की पाऊस येताच प्रेषितांनी (सल्ल.) अंगावरचे वस्त्र थोडे बाजूला केले आणि थेंब अंगावर घेतले, हा आपल्या पालनकर्त्याकडून नुकताच आलेला आहे, असे कारण त्यांनी दिले. भय आणि ओढ, दोन्ही मुलाला मिळाली पाहिजेत. सर्दी होईल म्हणून दार लावणाऱ्या अम्मीला माझी विनंती आहे की पहिल्या सरीत पाच मिनिटे त्याला भिजू द्यावे, आणि हा पाऊस लाभाचा ठरो अशी दुआ त्याच्याकडून म्हणवून घ्यावी. परंतु गडगडाट ऐकू आला की खेळ तिथेच थांबवून पक्क्या घरात यावे, झाडाखाली कदापि थांबू नये. वीज आणि गडगडाट यांतले अंतर घरात बसूनच मोजावे; आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. फुगलेल्या ओढ्याजवळ मुलाला कोणत्याही निरीक्षणासाठी पाठवू नये.

नक्षत्रांविषयी पालक मला हमखास विचारतात. मृगाचा पाऊस, आर्द्रेचा पाऊस, हत्तीचा पाऊस हे शब्द आपल्या शेतकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ते बोलावेत की टाळावेत? हुदैबियामध्ये रात्री पाऊस झाला, तेव्हा फजरनंतर प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले की अमुक ताऱ्यामुळे पाऊस पडला असे म्हणणारा अल्लाहला नाकारतो. इमाम शाफई (रह.) यांनी याचा उलगडा केला आहे : ताऱ्याने पाऊस दिला असे मानणे निषिद्ध, परंतु अमुक ताऱ्याच्या काळात पाऊस झाला असे म्हणणे म्हणजे अमुक महिन्यात झाला असे म्हणणेच होय. आपल्या हिजरी वर्षाचे दिवस सुमारे अकरा कमी असल्याने रमजान कधी थंडीत येतो, कधी पावसात. पेरणीला मात्र ऋतूंचा पंचांगी हिशेब लागतो. तेव्हा मृग हे तारखेचे नाव म्हणून खुशाल वापरावे. यंदा वाहन बेडूक आहे म्हणून पाऊस भरपूर, हे मात्र मुलाला वहीत तपासू द्यावे.

ही वही हाच या सगळ्यातला मुख्य भाग आहे. साधी, रेघांची वही. तारीख, वाऱ्याची दिशा, आभाळ, पाऊस. आमच्या मकतबमध्ये गेली तीन वर्षे ती मुले-मुली पाळीपाळीने लिहितात, आणि पहिली पाळी मी त्याच मुलाला दिली होती, त्याची माफी मागून. पहिल्याच पावसाळ्यात एका मुलीने आपल्या पाळीला आकडा मोठा दिसावा म्हणून डब्यात तांब्याभर पाणी ओतले. मी रागावलो नाही. त्या सकाळी शेजारच्या घरी ठेवलेल्या डब्यात निम्मेसुद्धा पाणी नव्हते, हे मुलांनीच शोधून काढले आणि तिने स्वतः आकडा खोडला. वही ही साक्ष आहे, आणि खोट्या साक्षीविषयी आपला दीन काय सांगतो हे ती मुले त्याच वर्षी शिकत होती.

उघडीप पडली की मुलांचा उत्साह ओसरतो आणि ती कोरड्या दिवसांच्या ओळी मोकळ्या सोडतात. त्या सोडू देऊ नयेत. पाऊस नाही, हेही पाहिलेलेच असते; तिथे शून्य लिहावे. ज्या दिवशी पाहायचे राहून गेले, त्या दिवसापुढे मात्र शून्य लिहू नये. तिथे मुलाने आपल्या अक्षरात लिहावे : पाहिले नाही.